पद्मिनी १९८६: मीटरचा काटा आधी नाचला, आता मेला. केबल गेली की मीटर?

वाईकरीण

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगवर. बाबांची. त्यांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत, म्हणून गेल्या दिवाळीपासून मीच चालवते. वाई ते पाचगणी शाळेत जाणं-येणं, क्वचित सातारा. गाडी तक्रार करत नाही, पण वेगाच्या मीटरने (स्पीडोमीटरने) छळलं आहे.

सुरुवात अशी झाली की पसरणी घाट चढताना काटा ३० आणि ६० च्या मध्ये झोके घ्यायला लागला. पद्मिनी पसरणीच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये ६० ने जात नाही एवढं मलाही कळतं. जोडीला डॅशबोर्डातून टिकटिक. वेग वाढला की टिकटिकीचा चिरका आवाज व्हायचा, शेजारी बसलेल्या माणसाने बोलणं थांबवून माझ्याकडे बघावं इतका. मग परवा सुरूर फाट्याच्या अलीकडे 'कट्' झालं आणि काटा शून्यावर पडला. किलोमीटरचे आकडेही तिथेच थांबले. आवाज मात्र पूर्ण बंद. बाबा म्हणाले, "बघ, बरी झाली."

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि सांगितलं, "मॅडम, मीटरच गेलंय. भंगारातून दुसरं आणू, साडेतीन हजार." दुसऱ्याने सांगितलं, केबल तुटली, अर्ध्या तासात टाकून देतो. बाबांचं मत तिसरंच: गाडी कानाने चालवायची असते, काटा कशाला बघायचा?

पुढच्या महिन्यात फिटनेस आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओला न्यायची आहे, त्यामुळे कानाने भागणार नाही. घरात बाबांची पान्यांची पेटी आहे, जॅक आहे, आणि एक मामेभाऊ आहे जो सांगितलेलं करतो. हे काम घरी होण्यासारखं आहे का? आणि केबल की मीटर हे पैसे घालण्याआधी ओळखायचं कसं?

हेराल्ड_पुणे

ताई, उगाच त्रास करून घेऊ नका. आमच्या स्टँडर्ड हेराल्डचं मीटर कित्येक वर्षं बंद आहे. फोनला होल्डर, त्यात जीपीएसचं अ‍ॅप, काम फत्ते. वेग उलट जास्त अचूक दाखवतं.

उद्यमनगरचा म्हातारा

ताई, काम घरी होतं. तुमच्या प्रश्नात उत्तराची एक ओळ आलेलीच आहे: काटा आणि आकडे दोन्ही एकदम थांबले.

मीटरच्या डब्यात दोन वेगळे संसार चालतात. खालून आलेली तार (केबलच्या आत फिरणारी, म्हणजे इनर) एक दांडा फिरवते. दांड्याच्या टोकाला चुंबक असतं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी, चुंबकाला न टेकलेली. चुंबक फिरलं की वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच दिशेला ओढली जाते. काटा त्या वाटीला जोडलेला, आणि त्याला मागे खेचायला हेअरस्प्रिंग. वेग वाढला की ओढ वाढते, काटा चढतो. आकड्यांना चुंबकाशी काही देणंघेणं नाही. ते त्याच दांड्यावर कोरलेल्या वर्मवरून, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांवरून, दात्यांनी फिरतात. आता हिशोब सोपा आहे. काटा मेला पण आकडे चालू, तर दोष मीटरात. आकडे थांबले पण काटा चालू, तरी मीटरातच. दोन्ही बंद म्हणजे दांड्यापर्यंत फिरणंच पोचत नाही: एक तर तार तुटली किंवा तारेला फिरवणारी गिअरबॉक्समधली पिनियन (छोटं दातेरी चाक) गेली. भंगारातलं मीटर बसवून यातलं काही सुटणार नाही. साडेतीन हजारांचं मेलेलं मीटर काढून साडेतीन हजारांचं मेलेलं मीटर बसेल.

पण अर्ध्या तासात केबल टाकून देणाऱ्याच्याही नादी लागू नका. ही तार आपली आपण तुटत नाही, तिला कोणीतरी तोडतं. तो सापडला नाही तर नवी तारही त्याच वाटेने जाणार, आणि मग तुम्ही इथे येऊन लिहिणार की हल्ली स्पेअर पार्टमध्ये दम नाही.

काटा नाचत का होता ते बघा. मीटरच्या दांड्याचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, सुकला की दांडा अडखळतो. गिअरबॉक्स खालून तार फिरवतच असतो, वरचं टोक अडून बसलेलं. सुतळीला पीळ भरावा तसा तारेत पीळ साठतो आणि एकदम सुटतो. काटा उडी मारतो, पुन्हा अडतो. तुम्हाला घाटात दिसला तो हा खेळ, आणि टिकटिकही त्याचीच. आउटर, म्हणजे तारेवरची बाहेरची नळी, कुठे मुडपली असेल तरी नेमकं हेच होतं. दोन्हीपैकी काय, ते तार बाहेर आल्यावर कळेल.

डॅशखाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. इतक्या जुन्या वायरी, मीटरमागे बल्बचे होल्डर, आणि तुमच्या हातात बांगडी किंवा घड्याळ. समजलं असेल. मग मीटरच्या मागचा खाचांचा नट हाताने सोडवा. पकड लावू नका, तिथल्या मानेचे आटे मऊ धातूचे असतात. अगदीच हलत नसेल तर फडकं गुंडाळून पकड, आणि तीही हलकी.

गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा. मागचं एक चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मामेभाऊ कितीही आज्ञाधारक असला तरी. हँडब्रेक सुटलेला, गिअर न्यूट्रल. भावाला उचललेलं चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवायला सांगा. पिनियन गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) बाजूला असते, त्यामुळे गिअर टाकायची गरज नाही. तुम्ही डॅशखाली केबलच्या तोंडातला चौकोन, म्हणजे तारेचं चौकोनी टोक, बघत बसा. फिरत नसेल तर तार चिमटीत धरून वर ओढा. अर्धीच हातात आली, तर निकाल लागला. उरलेला तुकडा खालचा नट सोडवून खालून काढायचा. अख्खी आली आणि तरीही फिरत नव्हती, तर पिनियनचे दात बघावे लागतील.

आता चष्मा लावून तुटलेली जागा बघा. मीटरजवळ पिळवटून तुटली असेल, वरच्या चौकोनाच्या कडा गोल झाल्या असतील, तर मीटरचा दांडा जड आहे. मधोमध, फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या) भोकापाशी तुटली असेल तर तिथे वाकण आहे. खालच्या टोकाशी तुटली असेल तर गिअरबॉक्सकडचा नट ढिला राहून टोक वाकडं फिरत होतं.

काहीही निघालं तरी मीटरचा दांडा तपासल्याशिवाय नवी तार घालू नका. जुन्या तारेचा चौकोनाकडचा चार बोटं लांब तुकडा कापून ठेवा. तो मीटरच्या मानेत घाला आणि दोन बोटांत फिरवा. अलगद फिरला पाहिजे. खरखर लागली किंवा एका जागी अडला तर बुश सुकला. बऱ्याच जुन्या मीटरांना मानेजवळ तेलासाठी बारीक भोक असतं, कधी त्यावर टिकलीएवढं झाकण. त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. दुसरा नाही. थोडा वेळ मुरू द्या, पुन्हा फिरवा. घरात वेग कमी-जास्त होणारं ड्रिल असेल तर तोच तुकडा ड्रिलमध्ये धरून मीटर अगदी हळू फिरवून बघता येतं. काटा शून्याच्या खाली दाबला जातोय असं दिसलं तर दिशा उलटी आहे, लगेच थांबा. ज्या मीटरची तार किलोमीटरला १००० फेरे घेते, त्याचा काटा मिनिटाला १००० फेऱ्यांवर बरोबर ६० दाखवायला हवा. बऱ्याच जुन्या डायलवर हा आकडा कोपऱ्यात बारीक छापलेला सापडतो.

खरेदीला जाताना जुनी केबल दोन्ही नटांसकट पिशवीत घालून न्या. "फियाटची केबल द्या" म्हटल्यावर दुकानदार जी काढेल ती फियाटचीच असेल असं नाही. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. लांबी बघा, नट आपल्या जुन्या नटाच्या जागी चढतो का बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तार आत पूर्ण बसवल्यावर वरचं टोक जुन्याइतकंच बाहेर येतं का ते बघा. जास्त आलं तर नट आवळल्यावर तार दांड्याला सतत वर रेटत राहते आणि बुश खाते. कमी आलं तर चौकोन घरात पकडत नाही, खड्ड्यात घसरतो. आउटर ठणठणीत असेल तर नुसती इनर बदला. आमच्याकडे उद्यमनगरात मापाची तार कापून टोकाला चौकोन दाबून देतात.

ग्रीस लावताना लोक प्रेमात पडतात, तिथेच घात होतो. ग्रॅफाइट ग्रीस चिमटीत घ्या, तार त्यातून ओढा, चिकटेल तेवढंच पुरे. वरची वीतभर तार कोरडी ठेवा. तारेची वीण आट्यांसारखी असते, फिरता फिरता ग्रीस वर चढवते. ते मीटरात पोचलं की चुंबक आणि वाटीच्या फटीत भरतं. मग थंडीच्या सकाळी गाडी ३० ने चाललेली असते आणि काटा ८० वर. माणूस म्हणतो मीटर बिघडलं. मीटर बिघडलेलं नसतं, बुडालेलं असतं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस तर मुळीच नको.

बसवताना आधी नुसती आउटर मार्गाला लावा. मीटरमधून निघाल्यावर पहिली चार बोटं ती सरळ जाऊ द्या. कुठल्याही वळणाची त्रिज्या १५ सेंटीमीटरच्या आत येऊ देऊ नका. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, आणि फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच, नाहीतर पत्रा आउटरला करवतीने कापावं तसं कापतो. खालचा नट लावा, मग वरून तार घाला आणि बोटांनी फिरवत खाली सरकवा. पिनियनच्या चौकोनात बसली की हाताला कळतं. मग वरचा नट, हातानेच.

खालचा नट सोडताना थोडं गिअर ऑइल गळेल, खाली जुना डबा ठेवा.

हेराल्डवाले भाऊ, फोन वेग सांगतो हे खरं. पण ऑइल कधी बदललं, त्यानंतर गाडी किती चालली, टायर किती झिजले, हे फोन मोजत नाही. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम गाडीत स्पीडोमीटर हवाच म्हणतो. तपासायला आलेल्या माणसाला होल्डर दाखवून बघा आणि काय म्हणतो ते इथे कळवा.

हेराल्ड_पुणे

काका, कळवतो. नाही कळवलं तर समजून घ्या.

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

ताई, पप्पांनी मुंबईत पद्मिनीच चालवली, त्यामुळे या केबलीवर आमचं घर चाललं असं म्हटलं तरी चालेल. जुनं मेकॅनिकल भाड्याचं मीटरही केबलवरच फिरायचं. ती तुटली की गाडी उभी, म्हणजे धंदा उभा. स्पीडोमीटर बंद असला तर पप्पा फिकीर करायचे नाहीत, पण भाड्याच्या मीटरची केबल म्हणजे लक्ष्मी. डिकीत स्टेपनीच्या बाजूला एक नवी केबल कायम गुंडाळलेली, आणि गुंडाळी मोठी ठेवायची. लहान गुंडाळीत ठेवली तर ती नवी असतानाच मुडपते. दुकानातून घेतानाही हे बघा. खिळ्याला दुमडून टांगलेली केबल नको म्हणायचं.

काकांनी सांगितलंय त्यात एक भर. दुकानात साल आणि गिअर कुठे आहे ते आधी सांगा. शेवटच्या वर्षांत खाली गिअर असलेल्या पद्मिनी निघाल्या, डिझेलही निघाल्या. दुकानदाराकडे जे पडून असेल ते तो तुमच्या गळ्यात मारणार.

आणि जुनं काहीही टाकू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती उतरली. टॅक्सी होत्या तोपर्यंत कुर्ल्यात कुठल्याही गल्लीत सामान मिळायचं, कारखानाच तिथला. आता गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखे हौशी. केबल अजून मिळते, पण पिनियन, नट, मीटरची मान, हे बरं दिसलं तर जपून ठेवा.

वायरिंगवाला_नाशिक

तार काढाल तेव्हा आउटरवरचं प्लॅस्टिक बघा. कुठे वितळलंय, फुगलंय, काळं पडलंय असं दिसलं तर केबलचा दोष शोधत बसू नका, इंजिनची अर्थिंगची पट्टी बघा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या हिशोबाने तुटलेलं. स्टार्टर मारला की शंभरावर अँपिअर करंट इंजिनमधून परत बॅटरीला जायला वाट मागतो. ती वाट म्हणजे इंजिन ते बॉडी अशी विणलेली तांब्याची पट्टी. पट्टी कुजली किंवा कोणी इंजिन उतरवून परत लावताना विसरला, तर करंट मिळेल तिथून जातो: चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, आणि गिअरबॉक्सपासून डॅशपर्यंत गेलेली ही मीटरची आउटर. केबल आतून तापते, ग्रीस जळतं, तार कोरडी पडते. मग आपण म्हणतो केबल हलक्या प्रतीची होती.

बघायला सोपं आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. डिस्ट्रिब्युटरच्या मधली एचटी वायर (इग्निशन कॉइलकडून येणारी जाड वायर) काढून अर्थ करा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी साफ करा किंवा बदला. अर्थात हे बॅटरी जोडलेली असताना. काकांचं डॅशखालचं काम झाल्यावर करा, आधी नाही.

वाईकरीण

सगळ्यांचे आभार, आणि काकांना वेगळा नमस्कार. हे लिहिताना नखात अजून ग्रॅफाइट आहे, उद्या फळ्यावर लिहिताना मुलं विचारतील.

तार वीतभर आली आणि संपली. मीटरपासून जवळच, पिळवटून तुटलेली. वरच्या चौकोनाच्या कडा बोटाला लागतच नव्हत्या, गोटीच झाली होती. म्हणजे मीटरचा दांडा, असं मी भावाला अधिकारवाणीने सांगितलं. तुकडा घालून फिरवला तर खरंच एका जागी अडत होता. मानेवर झाकण होतं, पिनेने उचकटलं. आईच्या मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला. चहा होईपर्यंत तो मुरला आणि दांडा असा सुटला की फुंकर मारली तरी फिरेल असं वाटलं. ड्रिल घरात नव्हतं, ते राहिलं.

पण गंमत पुढे आहे. टॉर्च लावून डॅशखाली बघितलं तर केबल मीटरमधून निघाल्या निघाल्या जवळजवळ काटकोनात खाली वळलेली. कारण तिथे कॅसेट प्लेअरचा डबा. कोणीतरी कधीतरी टेप बसवताना केबल मागे दाबून पत्र्याच्या पट्टीखाली अडकवली होती. टेप वाजत नाही, आमच्या आठवणीत कधी वाजलाही नाही. बाबांना विचारलं, हा कोणी बसवला? ते म्हणाले, "चांगला टेप आहे, काढू नकोस." टेप काढला. बाबा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

नाशिकच्या दादांनी सांगितलेलंही केलं. आउटर कुठे वितळलेली नव्हती, आणि स्टार्टर मारताना मल्टिमीटरवर ०.२ व्होल्ट. म्हणजे पट्टी ठीक आहे ना? फायरवॉलचा ग्रोमेट मात्र दगड झाला होता, तो नवा घातला.

केबल साताऱ्यातून आणली. दुकानदाराने पहिली काढली ती जुनीपेक्षा हातभर लांब. "जास्तीची गुंडाळून आत ठेवा की," म्हणाला. मी पिशवीतून जुनी काढून शेजारी ठेवली. मग त्याने माळ्यावरून दुसरी काढली, ती बरोबर बसली. टोक मोजायला पट्टी नेली होती. त्याला फार मजा वाटली.

आता चालवून बघितली. काटा स्थिर. घाटात, खड्ड्यात, कुठेही. आवाज नाही. सुरूरपर्यंत भावाने फोन धरला होता: फोनवर ६० असताना काटा ६६-६७ दाखवतो. ४० ला साधारण ४४. हे नव्या केबलमुळे का? आणि बंद होती त्या काळात गाडी चालतच होती, तेवढे किलोमीटर आकड्यांत पुढे सरकवून घ्यावेत का? मीटरचा डबा उघडून करता येतं असं भाऊ म्हणतो.

वायरिंगवाला_नाशिक

०.२ उत्तम. पट्टीला हात लावू नका.

उद्यमनगरचा म्हातारा

टोक पट्टीने मोजून केबल घेणारं गिऱ्हाईक मला दुकानात कधी भेटलं नाही. शाब्बास. टेपचं मलाही सुचलं नव्हतं. दांडा जड आणि वळण कडक, दोघांनी मिळून तार खाल्ली.

काटा जास्त दाखवतो त्यात नव्या केबलचा हात नाही, असूच शकत नाही. तार किलोमीटरला किती फेरे घेणार हे चाक आणि गिअर ठरवतात. लांब असो, आखूड असो, भारी असो, हलकी असो, तार तेवढेच फेरे वर पोचवते, नाहीतर पोचवतच नाही. म्हणून दोष एक तर टायरात किंवा मीटरच्या पोटात, आणि ओळखायची युक्ती तुमच्याच हायवेवर आहे. सुरूरहून साताऱ्याच्या बाजूला निघा, किलोमीटरचे दगड सलग आहेत असा १० किलोमीटरचा तुकडा धरा आणि आकडे किती सरकतात ते बघा. आकडेही ११ सरकले तर मूळ टायरच्या मानाने तुमचा टायर लहान आहे. मूळ माप ५.२०-१४. कोणी दुसऱ्या मापाचा रेडियल घातला असेल किंवा टायर फार झिजले असतील, तर चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं, आणि काटा-आकडे दोन्ही सारखेच फुगतात. आकडे बरोबर १० सरकले आणि काटाच जास्त सांगत असेल, तर चुंबक आणि हेअरस्प्रिंगचं जुळणं हललंय.

दुसरी गोष्ट निघाली तर तशीच सोडा. काटा थोडा जास्त दाखवतो ते चालतं, कमी दाखवला तर घात. ती स्प्रिंग चिमट्याने सरळ करतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजून घरी पाठवा. फोन नसेल तेव्हा घड्याळावर बघा: काटा एका जागी धरून दगड ते दगड वेळ घ्या. ७२ सेकंद लागले तर खरा वेग ५०, ९० लागले तर ४०.

आकडे पुढे सरकवू नका. मीटर उघडायचं म्हणजे गोल कडा उचकटायची, काच निघते, काटा हलतो, आणि जे आज ठीक चाललंय ते बिघडतं. शिवाय आकड्यांना हात लावलेली गाडी विकायला गेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गाडीची वही असेलच, बाबांच्या हातची. त्यात आजची तारीख, मीटरचा आकडा आणि 'केबल बदलली, मध्ये मीटर बंद होतं' असं लिहा. ऑइल बदलायचं मात्र आकड्यावर जाऊ नका, बंद काळाचा अंदाज धरून यंदा लवकर बदला.

फिटनेसला नेण्याआधी एक बघून घ्या. पुढचे काही दिवस सकाळी गाडी बाहेर काढल्यावर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखालची फरशी बघा. तिथे ऑइलचा डाग पडत असेल तर पिनियनचं सील गेलंय. ते तेल केबलच्या आतून वर चढत मीटरापर्यंत येतं, आणि तेल वर पोचलं की आधी तुमच्या ब्रेकच्या पायावर ठिबकतं. फरशी कोरडी असेल तर त्या नटाला परत हात लावू नका.

वाईकरीण

फरशी कोरडी आहे. दगड मोजायला रविवारी जाते. टायरवर १५५ असं काहीतरी लिहिलंय, पुढचे आकडे चिखल धुऊन सांगते. बाबा विचारतायत, टेप परत कुठे बसवता येईल.

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

ड्रायव्हरच्या सीटखाली. पप्पांचा तिथेच होता, आणि तिथे मीटरची केबल जात नाही.